राजाश्रय, लोकाश्रय, क्रमाश्रय : दीर्घ मराठी लेखन आणि समाजमाध्यमांची क्रमप्रणाली

१

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात ‘पोच’ या शब्दाला एक ठरलेला अर्थ होता. परीक्षणार्थ आलेल्या पुस्तकांची नावे ‘साभार पोच’ या सदराखाली छापली जात. पुस्तक संपादकापर्यंत पोहोचले, त्याची नोंद झाली, एवढेच त्यातून सांगितले जाई. पुस्तक वाचले गेले असा दावा त्यात नसे. याच व्यवहारातला दुसरा शब्दप्रयोग ‘साभार परत’ हा होय. नाकारलेले हस्तलिखित लेखकाकडे परत येई आणि त्यासोबत नकाराची चिठ्ठी येई. मराठीतल्या कितीतरी लेखकांच्या आठवणींत या चिठ्ठीला मानाचे किंवा रोषाचे स्थान आहे. स्वीकार आणि नकार हे दोन्ही या व्यवस्थेत कागदावर उतरत असत आणि दोहोंमागे नाव-पत्ता असलेली एक व्यक्ती असे.

समाजमाध्यमांच्या काळात ‘पोच’ हा शब्द पुन्हा चलनात आला आहे, पण तो मापनाच्या अर्थाने. मजकूर किती पडद्यांवर उमटला, हा आकडा म्हणजे त्या मजकुराची पोच. येथे कोणताही मजकूर ‘साभार परत’ येत नाही. सर्व काही प्रसिद्ध होते. नकार मात्र संपलेला नाही, तो अदृश्य झाला आहे. चार हजार शब्दांचा निबंध प्रसिद्ध होऊन अकरा जणांच्या पडद्यावर उमटला, तर तो नाकारला गेला की दुर्लक्षिला गेला, की ज्यांनी तो वाचला असता त्यांच्यापुढे कधी आलाच नाही, हे लेखकाला कळण्याचा मार्ग नाही. समीक्षकालाही नाही. प्रस्तुत लेखात या अदृश्य नकाराचा विचार आश्रयव्यवस्थेच्या अंगाने करावयाचा आहे.

आंद्रे लफेव्हर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या भाषांतरविषयक विवेचनात ‘आश्रय’ या संकल्पनेचे तीन घटक सांगितले : विचारसरणीचे नियंत्रण, आर्थिक तरतूद आणि प्रतिष्ठा. हे तिन्ही एकाच आश्रयदात्याकडून मिळत असतील तर ती अविभक्त आश्रयव्यवस्था. निरनिराळ्या ठिकाणांहून मिळत असतील तर विभक्त. दरबार हे पहिलीचे उदाहरण, तर आधुनिक प्रकाशनव्यवहार हे बव्हंशी दुसरीचे. लफेव्हर यांच्या विवेचनात एक चौथा घटक स्वतंत्रपणे आलेला नाही, कारण त्या काळी तो वेगळा काढण्याची गरजच नव्हती. तो म्हणजे क्रम : कोणत्या वाचकापुढे काय आधी ठेवावयाचे याचा निर्णय. छापील अंकात हा निर्णय अनुक्रमणिकेत दिसे आणि सर्वांना सारखाच दिसे. आता तो दर वाचकागणिक आणि दर क्षणी नव्याने घेतला जातो. या नव्या आश्रयाला ‘क्रमाश्रय’ म्हणता येईल.

२

या विषयासाठी बेंगळूरु शहर, आणि त्यातही त्याच्या दक्षिण सीमेवरील इलेक्ट्रॉनिक सिटी, हे ठिकाण निवडण्यास सोयीपलीकडचे कारण आहे. मराठी साहित्याच्या आश्रयाचा इतिहास या शहराशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बेंगळूरु घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीचे केंद्र झाले. तेथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त येते. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली आपल्या विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रकाशात आणला. या दरबारात अनेक भाषांतील कवी होते. शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवून आपणास बारा भाषांत काव्यरचना करता येते असे जयरामाने सुचविल्याची हकिकत प्रसिद्धच आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रसंग दोन दृष्टींनी मोलाचा वाटावा. एकतर येथे बहुभाषिकता हा अपवाद नसून दरबाराचा नित्यव्यवहार आहे. दुसरे म्हणजे आश्रयदाता समोर बसलेला आहे. कवीला त्याचा चेहरा दिसतो, त्याची पसंती-नापसंती तत्काळ वाचता येते आणि म्हणून तिच्याशी खेळताही येते.

इलेक्ट्रॉनिक सिटीची कल्पना र. कृ. बाळिगा यांची. कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी केली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३मध्ये बेंगळूरुला गेली आणि १९९४मध्ये तिचे मुख्यालय येथे आले. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतून अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या पिढ्या त्यानंतर या परिसरात स्थिरावल्या. गावाच्या नावातला ‘अग्रहार’ हा शब्द येथे सहज ओलांडून जाण्याजोगा नाही. अग्रहार म्हणजे विद्वानांच्या योगक्षेमासाठी राजाने दान दिलेले गाव. आश्रयाची सर्वांत जुनी संस्था या जमिनीच्या नावातच शिल्लक आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवरील स्थानकाचे नाव ‘इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार’ असे आहे. दात्याचे नाव आणि दानाची जुनी संज्ञा एकाच फलकावर यावी, हा योगायोग नामकरण करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा.

याच वसाहतीत आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था (आयआयआयटी) आहे. तेथील प्राध्यापक श्रीनाथ श्रीनिवास यांचे ‘द पॉवर लॉ ऑफ इन्फर्मेशन’ हे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. परस्परांशी जोडलेल्या माहितीच्या जाळ्यात लक्ष समान वाटले जात नाही, थोड्या बिंदूंकडे बहुतांश दुवे एकवटतात आणि उरलेल्यांची शेपटी लांबत जाते, हे त्या जाळ्यांचे घातनियमी स्वरूप त्यात केंद्रस्थानी आहे. पुस्तकाचा विषय साहित्य नाही. परंतु साहित्याच्या इतिहासकाराने ते वाचावे, असे म्हणण्यास जागा आहे. कारण ‘चांगले लेखन अखेर वाचकापर्यंत पोहोचतेच’ या मराठी समीक्षेत रुजलेल्या समजुतीला त्यात गणिती उत्तर सापडते. योगायोग असा की फेसबुकने ‘न्यूज फीड’ ही रचना त्याच वर्षी, सप्टेंबर २००६मध्ये सुरू केली.

भारतीय भाषांतील वाचनाच्या ज्या व्यवस्था पुढे उभ्या राहिल्या, त्यांपैकी मोठ्या व्यवस्था याच शहरातून निघाल्या, जरी त्यांची कार्यालये इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाहेर, शहराच्या अन्य भागांत राहिली. २००९ साली उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी सुरू केलेले ‘न्यूजहंट’ हे त्यांतले आरंभीचे. ज्या साध्या फोनांत देवनागरीची सोयच नव्हती त्यांवर भारतीय लिप्यांतील वृत्तपत्रे वाचता यावीत, हा त्याचा मूळ हेतू होता. काही काळ तेथे भारतीय भाषांतील ई-पुस्तकेही अत्यल्प किमतीत विकली गेली. २०१५मध्ये त्याचे ‘डेलीहंट’ झाले, पुस्तकांचा भाग मागे पडला आणि २०२०मध्ये चिनी ‘टिकटॉक’वर बंदी आल्यावर त्याच कंपनीने ‘जोश’ हे लघुचित्रफितींचे माध्यम काढले. पुस्तकाच्या फडताळापासून बातमीच्या रांगेकडे आणि रांगेपासून काही सेकंदांच्या चित्रफितीकडे झालेला हा प्रवास कोणाच्या दुष्ट हेतूने झाला नाही. लक्षाचे मोजमाप जसजसे सूक्ष्म होत गेले, तसतसा दीर्घ मजकूर त्या मोजमापात महाग ठरत गेला, इतकेच.

३

क्रमप्रणालीचे स्वरूप येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कारण मराठीत तिच्याविषयी बोलताना एकतर गूढ शक्तीची भाषा वापरली जाते किंवा कटाची. फेसबुकने २०१०मध्ये आपल्या क्रमनिर्णयाचे तीन घटक जाहीर केले होते : वाचक आणि लेखक यांच्यातील जवळीक, कृतीचे वजन आणि काळानुसार होणारी घट. पुढे या त्रिसूत्रीची जागा यंत्राधारित अनुमानाने घेतली. जानेवारी २०१८मध्ये ‘अर्थपूर्ण सामाजिक संवादा’ला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले. २०२१मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून त्या वेळची गुणपद्धती समजली : पसंतीच्या खुणेस एक गुण, भावदर्शक चिन्हास वा पुनःप्रसारणास पाच, आणि भरीव ठरलेल्या प्रतिसादास तीस. म्हणजे मजकूर कितीजणांनी शांतपणे वाचून संपवला यापेक्षा कितीजण त्यावर बोलते झाले, हे निर्णायक ठरले.

दीर्घता हा येथे प्रत्यक्ष गुन्हा नाही, हे नीट लक्षात घ्यावयास हवे. नोव्हेंबर २०११मध्ये फेसबुकने एका नोंदीची मर्यादा ६३,२०६ वर्णचिन्हांपर्यंत वाढवली होती. एक दीर्घकथा त्यात आरामात मावते. २०१५मध्ये तर मजकुरापाशी वाचक किती वेळ थांबतो हाही एक संकेत मानला जाऊ लागला. तात्पर्य, यंत्र लांबी मोजून मजकूर खाली ढकलत नाही. ते थांबणे, बोलणे, पुढे धाडणे यांचे अनुमान करते. दीर्घ लेखन या अनुमानात मागे पडते ते त्याच्या वाचनाच्या स्वभावामुळे. दीर्घ निबंध वाचणारा वाचक वाचताना गप्प असतो आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ गप्प राहतो. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’सारख्या लेखनावर वाचक लगेच काय प्रतिसाद देणार? त्याचा प्रतिसाद पुढच्या चैत्रात, झाड पाहताना उमटतो. अशा विलंबित प्रतिसादाला काळघटीच्या सूत्रात स्थान नाही.

मराठीतील दीर्घ लेखनाची परंपरा मात्र विलंबावरच पोसलेली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ते १८८१ या काळात निबंधमालेचे ८४ अंक काढले. त्यांतला एकेक विषय अनेक अंकांत विस्तारत गेला. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये सुरू केलेल्या दिवाळी अंकाच्या प्रथेचे मर्मही हेच आहे : वर्षातून एकदा प्रसिद्ध व्हावयाचे आणि पुढचे कित्येक महिने वाचनालयातून, शेजाऱ्यांकडून, रद्दीतून फिरत राहावयाचे. आर्थिक पाया जाहिरातींचा असूनही दिवाळी अंकाने लांब कथा, दीर्घ लेख, संपूर्ण कादंबरिका यांना जागा दिली. कारण वाचक सबंध अंकाचे पैसे देत होता, एका लेखावर किती काळ थांबला याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. हा हिशेब नसणे हीच लोकाश्रयाची मोठी देणगी होती, असे म्हणावे लागते.

मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या पिढीकडेही याच दृष्टीने पाहता येते. १९९६मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’, २००४चे ‘मनोगत’, २००७चे ‘मिसळपाव’ येथेही लेखन प्रतिसादांच्या जोरावर वर येई. जुना लेख कोणी प्रतिसाद देऊन ‘वर काढला’ असे म्हटले जाई. येथेही प्रतिसादाचेच राज्य होते. फरक एवढाच की नियम एकच होता, तो सर्वांना ठाऊक होता आणि पान सर्वांना सारखेच दिसत होते. सहा वर्षांपूर्वीचा दीर्घ लेख एका वाचकाच्या एका ओळीने पुन्हा सर्वांपुढे येई. दृश्य नियमाखाली होणारा अन्याय आणि अदृश्य नियमाखाली होणारा अन्याय यांत साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. पहिल्याविरुद्ध भांडता येते. १९६९मध्ये लघुअनियतकालिकांच्या लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती करता आली, कारण ‘सत्यकथा’ ही हातात धरता येणारी वस्तू होती, तिचे संपादक ज्ञात होते आणि त्यांची अभिरुची हे उघड मैदान होते. क्रमप्रणालीची होळी करावयाची तर जाळावयाचे काय?

४

क्रमाश्रयाखाली मराठी दीर्घ लेखनाच्या घाटात जे बदल घडले, त्यांतला सर्वांत ठळक बदल आरंभात दिसतो. फेसबुकवर मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. उरलेला मजकूर घडीखाली जातो आणि वाचकाने बोट लावल्यावर उघडतो. त्यामुळे पहिल्या ओळींवर आलेला भार अवाढव्य आहे. मराठीत या प्रश्नाची चर्चा नवी नाही. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथेच्या आकर्षक आरंभाचे तंत्र सांगितले आणि त्या तंत्रवादावर पुढे पुष्कळ टीका झाली. त्या टीकेचा रोख असा होता की तंत्र हे अनुभवाच्या सेंद्रिय गरजेतून यावे, वाचकाला गुंतवून ठेवण्याच्या हिशेबातून नव्हे. आज फडके यांचे तंत्र कोणी न वाचताही सर्वत्र पाळले जाते. फरक असा की फडक्यांचा आरंभ पुढच्या मजकुराशी बांधलेला होता. घडीवरच्या ओळी अनेकदा घडीखालच्या मजकुराशी फारसे नाते न ठेवता, एक स्वतंत्र आमिष म्हणून लिहिल्या जातात. धक्कादायक विधान, अपुरा राहिलेला प्रसंग, किंवा ‘ही पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा’ ही विनवणी. या विनवणीकडे शैलीचा दोष म्हणून न पाहता रूपबंधाचा घटक म्हणून पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. आपण दीर्घ आहोत याबद्दल दीर्घ लेखनाने आरंभीच क्षमा मागावी, अशी स्थिती मराठी गद्याच्या इतिहासात यापूर्वी आली नव्हती.

दुसरा बदल उपसंहितेचा आहे. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा असलेली नोंद मागे पडते, हा लेखकांचा अनुभव ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ या वाक्यात गोठलेला आहे. ‘एक्स’चे मालक इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये उघडच म्हटले की वाचकाने त्या माध्यमात घालवलेला वेळ वाढावा असा प्रणालीचा प्रयत्न असतो आणि दुव्यावरून बाहेर गेल्यास तो वेळ घटतो, म्हणून दुव्यांना कमी लक्ष मिळते. २०१६मध्ये निघालेले ‘अक्षरनामा’ किंवा ‘साधना’ साप्ताहिकाने २०१९मध्ये सुरू केलेले ‘कर्तव्य साधना’ यांसारख्या, दीर्घ लेखाला संपादकीय संस्कार देणाऱ्या ठिकाणांना याचा फटका बसणे अपरिहार्य होते. तेथील लेखाची पोच अखेर त्या लेखाच्या दुव्याच्या पोचीवर अवलंबून राहते. परिणामी लेखक सबंध लेखच भिंतीवर चिकटवतो. मग संपादन, शुद्धलेखन, शीर्षक, परिच्छेदरचना, छायाचित्र, मागील लेखांचा संदर्भ, हे सर्व गळून पडते. अर्थात संपादकाचा आश्रयही गळतो. हानी वाचकसंख्येची आहेच, पण तिच्यापेक्षा मोठी हानी या संस्काराची आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तिसरा बदल विषयनिवडीचा. जयंती, पुण्यतिथी, निवडणूक, चित्रपटाचे प्रदर्शन, एखाद्या वक्तव्यावरचा वाद, यांच्या खुंटीला टांगलेले लेखन वाढले. वृत्तपत्री स्तंभानेही हे केले होते, म्हणून त्याबद्दल फार काळजी करण्याचे कारण नाही.

५

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न मालिकालेखनाचा आहे. बेंगळूरुतच २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’ या माध्यमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत कथा-कादंबऱ्या लिहिण्या-वाचण्याची सोय केली. कंपनीचे नोंदणीचे नाव ऋग्वेदातील नासदीय सूक्तावरून घेतलेले आहे, हे जाता जाता नमूद करावे. येथे दीर्घ लेखनाचा बळी गेलेला नाही. उलट शंभर-दीडशे भागांच्या कादंबऱ्या येथे लिहिल्या आणि वाचल्या जातात. तेव्हा ‘अल्गोरिदमने दीर्घ लेखन संपवले’ हे सोपे विधान टिकत नाही. दीर्घता टिकली आहे. तिची जात बदलली आहे.

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली. तेव्हा मालिकालेखन हे मराठी कादंबरीचे जन्मस्थान आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. आपट्यांनाही आठवड्याचा अंक भरावयाचा होता, त्यांचेही पाल्हाळ समीक्षकांनी दाखवून दिलेले आहे. पण ‘करमणूक’चे संपादक आपटे स्वतःच होते, आणि एखाद्या भागात वाचक किती ओळींनंतर थांबला, हे त्यांना कळत नव्हते. यमूच्या कहाणीतले जे संथ, घरगुती, काहीच न घडणारे भाग आहेत, त्यांतच त्या कादंबरीचे सामर्थ्य आहे. प्रत्येक भागाचे वाचक, गळती आणि गुणांकन लेखकासमोर तत्काळ दिसत असते, तर ते भाग लिहिले गेले असते का, हा प्रश्न कल्पनेचा असला तरी व्यर्थ नाही.

या माध्यमात अर्थप्राप्ती, प्रतिष्ठा आणि दृश्यता एकाच हातात आली आहेत. वाचकांनी मोजलेली नाणी, अनुयायांची संख्या, लेखकाला मिळणारी बिरुदे आणि पुढच्या वाचकाला केली जाणारी शिफारस, हे सर्व एकाच व्यवस्थेतून वाहते. लफेव्हर यांच्या परिभाषेत ही अविभक्त आश्रयव्यवस्था होय. ‘सत्यकथा’-‘मौज’ वर्तुळाकडे प्रतिष्ठा होती, पण पैसा नव्हता. पैसा दिवाळी अंक आणि वाचनालयांसाठीच्या कादंबऱ्यांकडे होता. विचारसरणीचा दाब विद्यापीठे, चळवळी, साहित्य संमेलने यांकडून येई. एका ठिकाणी नाकारलेल्याला दुसरे दार होते. लोकाश्रयाचा काळ हा असा विभक्त आश्रयाचा काळ होता. शहाजीराजांच्या दरबारानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी त्याच शहरात आश्रय पुन्हा एकवटला; आता मात्र दात्याला चेहरा नाही आणि त्याच्यापुढे बारा नारळ ठेवण्याची सोय नाही.

या विवेचनाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे आणि ती गौण मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या विभक्त आश्रयाचे येथे गुणगान होत आहे, त्याची सर्व दारे पुण्या-मुंबईच्या काही रस्त्यांवर उघडत होती. तालुक्याच्या गावी राहणारी, संसारातून रात्री वेळ काढून फोनवर लिहिणारी स्त्री त्या दारांपर्यंत क्वचितच पोहोचत होती. या माध्यमांवर तिची उपस्थिती लक्षणीय आहे आणि तिला वाचकही आहेत. तिच्या लेखनातील सासर-माहेर, पुनर्विवाह, एकत्र कुटुंब यांचे चित्रण साचेबंद आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु हा साचा तिचा किती आणि शिफारशीच्या यंत्राने परत परत तिच्यापुढे ठेवलेला किती, हे वेगळे केल्यावाचून केलेली टीका नेम चुकलेली ठरेल. समीक्षकांनी या लेखनाकडे पाठ फिरवून तो प्रश्न यंत्रावर सोपवला, यात यंत्राचा दोष नाही.

तौलनिक अभ्यासासाठी येथे एक नवीनच प्रकारचा ‘प्रभाव’ हाती लागतो. चीनमध्ये ‘छीत्येन’ या संकेतस्थळाने २००३मध्ये प्रकरणागणिक पैसे आकारण्याची पद्धत रुजवली आणि तिच्यातून अखंड लांबणाऱ्या जालकादंबरीचा घाट घडला. कोरियात नियतकालांतराने उघडणाऱ्या भागांचा धंदा वाढला. ‘प्रतिलिपि’त २०२०मध्ये चिनी ‘टेन्सेंट’ने आणि २०२१मध्ये कोरियन ‘क्राफ्टन’ने गुंतवणुकीचे नेतृत्व केले. मराठी लेखिकेने चिनी वा कोरियन जालकादंबरी वाचलेली नसते. तरीही भागाची लांबी, शेवटचा झटका, कुलूपबंद पुढचा भाग आणि कथानकाचे लांबणे, यांत त्या घाटाशी असलेले साम्य नजरेत भरते. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आल्या त्या उमा वि. कुलकर्णी यांच्या अनुवादांतून. तेथे वाचणारी, निवड करणारी, शब्द शोधणारी मध्यस्थ व्यक्ती होती. प्रस्तुत प्रभावात वाचन नाही, भाषांतर नाही, मध्यस्थ नाही. प्रवास झाला तो धंद्याच्या रचनेचा आणि पडद्याच्या मांडणीचा. प्रभावाभ्यासाची रूढ साधने अशा वाचनविरहित प्रभावापुढे अपुरी पडतात.

६

क्रमप्रणालीच नसलेल्या ठिकाणी काय घडते, हे पाहिल्यास तुलना अधिक नेमकी होते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आले त्या क्रमाने दिसतात. त्यांना कोणी गुण देत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी नोकरदाराला गावाकडच्या गटांतून जे मराठी गद्य मिळते ते मुख्यतः येथेच. आणि येथे दीर्घ मजकूर आश्चर्यकारकरीत्या चालतो. हजार-दीड हजार शब्दांचे लेख हातोहात पुढे जातात. जुलै २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा आली आणि एप्रिल २०२०पासून बहुप्रसारित संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला, तरी या वहनात मूलभूत फरक पडला नाही. म्हणजे मराठी वाचकाची दीर्घ वाचनाची भूक मेलेली नाही, असे अनुमान येथून काढता येते.

किंमत मोजावी लागते ती कर्त्याला. लेखकाचे नाव पहिल्या दोन-तीन हस्तांतरणांतच गळते आणि पुढे ‘साभार’, ‘लेखक अज्ञात’ किंवा कोणा प्रसिद्ध लेखकाचे नाव चिकटते. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावांवर त्यांनी कधीही न लिहिलेला किती मजकूर फिरतो, हे सर्वज्ञात आहे. संतकाव्याच्या अभ्यासकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. मौखिक आणि हस्तलिखित परंपरेतही प्रक्षेप होत, थोरांच्या नावावर सामान्यांची रचना खपे. त्या परंपरेने त्यावर नाममुद्रेचा उपाय योजला होता. कवीचे नाव रचनेच्या शेवटी छंदातच गुंफलेले असल्याने ते सहज सुटे करता येत नसे. आजचा लेखक ‘नावासह पुढे पाठवावे’ अशी ओळ शेवटी जोडतो. ती गद्यात गुंफलेली नसल्याने नावाबरोबरच कापली जाते. काही लेखकांनी आपले नाव, गाव, एखादे कौटुंबिक पात्र निवेदनाच्या मध्यभागी आणावयास सुरुवात केली आहे. ललित गद्यातील ‘मी’च्या या नव्या उपयोगाकडे शैलीवैज्ञानिकांनी पाहावयास हवे.

७

अभ्यासकापुढील अडचण मात्र याहून मूलभूत आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७पासून मांडलेल्या स्वीकृतीच्या सौंदर्यशास्त्राला एक आधार गृहीत होता : विशिष्ट काळातील वाचकांपुढे काय उपलब्ध होते हे नंतर शोधता येते. अंक सापडतात, जाहिराती सापडतात, वाचनालयाची नोंदवही सापडते. अपेक्षांचे क्षितिज पुन्हा रचता येते ते त्या आधारावर. दर वाचकाला वेगळी आणि दर क्षणी बदलणारी रांग मात्र कोठेच साठवली जात नाही. २०१९च्या दिवाळीत एखाद्या मराठी वाचकाच्या पडद्यावर कोणते लेख कोणत्या क्रमाने आले, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

बाहेरून डोकावण्याची जी साधने होती तीही आटली. २०१८नंतर फेसबुकने बाहेरच्या संशोधकांना मिळणारी माहिती आवळली आणि ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. ‘एक्स’ने मार्च २०२३मध्ये शिफारसप्रणालीचा काही भाग खुला केला, पण संकेतावली हाती येणे आणि तिने घेतलेले निर्णय हाती येणे या भिन्न गोष्टी होत. युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल सेवा कायद्याने शिफारशीचे मुख्य निकष जाहीर करण्याचे, आणि अतिविशाल माध्यमांच्या बाबतीत व्यक्तिनिष्ठ माहितीवर न बेतलेल्या क्रमाचा पर्याय देण्याचे बंधन घातले. भारतात २०२१मध्ये लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी तरतूद नव्हती. त्यातही मराठीची स्थिती नाजूक, कारण देवनागरी ही हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी यांची सामाईक लिपी. लिपीवरून भाषा ओळखणे शक्य नसल्याने यंत्राला शब्दांवरून अनुमान करावे लागते, आणि अवतरणे, तत्सम शब्द किंवा बोलीतील संवाद यांनी भरलेला मराठी मजकूर अशा अनुमानात कोणाच्या वाट्याला जातो, हे तपासण्यासाठी लागणारी सामग्री विद्यापीठांकडे नाही.

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती म्हणावी अशा परिश्रमाने सिद्ध केली, आणि मराठी साहित्येतिहासाचे पुष्कळसे लेखन तिच्यावर उभे आहे. दात्यांना ग्रंथालये आणि खाजगी संग्रह धुंडाळावे लागले, पण पुस्तके कोठेतरी होती. समाजमाध्यमांवरील दीर्घ मराठी लेखनाची सूची करावयाची झाल्यास निदान काही शे वाचकांनी आपल्या पडद्यावर रोज काय आले याची नोंद स्वेच्छेने, दिवस-वेळेसह, आपली ओळख न देता ठेवावी लागेल, आणि एखाद्या मराठी विभागाने ती दहा-वीस वर्षे सांभाळावी लागेल. खर्च फार नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत, आयआयआयटीसारख्या संस्थेत, त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान जाणणारे लोक आहेत. अभ्यासाचा प्रश्न विचारणारे साहित्याचे लोक त्यांच्यापर्यंत अजून गेलेले नाहीत.